बार्नी रूस: जीपचं वजन ग्रॅम-ग्रॅमने उतरवणारा इंजिनिअर, आणि तुमच्या जुन्या फोर बाय फोरचा बिघाड

भंडारा जिल्ह्यात जुन्या जीपला अजून काम आहे. रोवणीच्या दिवसांत बांध्यांमधून जाणारा रस्ता, कोका किंवा उमरेड-पवनी-करांडलाच्या जंगलाकडची पांदण, तुमसरकडच्या मॅंगनीज खाणींच्या आसपासचा लाल चिखल. अशा ठिकाणी मागच्या दोन चाकांवर चालणारी गाडी फसते आणि फोर बाय फोर निघून जाते. म्हणजे निघून जायला हवी. बऱ्याचदा होतं असं की लिव्हर टाकला जातो, डॅशबोर्डवर दिवाही लागतो, पण पुढची चाकं ढिम्म हलत नाहीत. मग गॅरेजमध्ये पहिला सल्ला मिळतो: ट्रान्सफर केस गेली, आख्खी बदलावी लागेल. खर्चाचा आकडा ऐकून मालक गाडी दोन चाकांवरच चालवत राहतो, नाहीतर भंगारात काढतो.

असा निर्णय घेण्याआधी ज्या माणसाच्या टेबलावरून ही गाडी घडून बाहेर पडली, त्याची गोष्ट माहीत असायला हवी. त्याचं नाव डेल्मर रूस. सगळे त्याला बार्नी म्हणत. त्याने काम कसं केलं हे कळलं, की गाडीतला बिघाड कुठून शोधायला सुरुवात करायची तेही कळतं.

तलवारबाज इंजिनिअर

रूसचा जन्म १८८८ चा, न्यूयॉर्कचा. कॉर्नेल विद्यापीठातून तो १९११ मध्ये इंजिनिअर झाला. कॉलेजात तो नावाजलेला तलवारबाज होता. ते दिवस मोटार उद्योगाच्या बाल्यावस्थेचे होते. अमेरिकेत डझनावारी कंपन्या गाड्या बनवत होत्या आणि त्यातल्या बहुतेक पुढे बुडाल्या. रूसने लोकोमोबिल, पिअर्स-ॲरो, मार्मन अशा कंपन्यांत काम केलं. आज ही नावं फक्त जुन्या गाड्यांच्या संग्रहालयात भेटतात.

त्याचं नाव झालं ते स्टुडबेकर कंपनीत. तिथे तो मुख्य इंजिनिअर होता आणि आठ सिलिंडरच्या मोठ्या इंजिनांवर त्याने काम केलं. १९३४ मध्ये तो अमेरिकेतल्या ऑटोमोटिव्ह इंजिनिअरांच्या संघटनेचा, म्हणजे एसएईचा, अध्यक्ष झाला. इंजिन ऑइलच्या डब्यावर आपण एसएई वाचतो ना, तीच ही संस्था. त्यानंतर काही काळ तो इंग्लंडमध्ये रूट्स समूहात होता. हंबर आणि हिलमन या गाड्या त्यांच्याच.

१९३८ मध्ये तो ओहायो राज्यातल्या टोलेडो गावी, विलीज-ओव्हरलँड कंपनीत आला. इतक्या मोठ्या नावाचा माणूस तिथे का गेला, हा प्रश्न तेव्हाही पडला असेल. विलीजची अवस्था वाईट होती. मंदीत कंपनी दिवाळखोरीतून कशीबशी उठली होती. विकायला एकच स्वस्त छोटी गाडी होती आणि तिच्या चार सिलिंडरच्या इंजिनाची ख्याती चांगली नव्हती.

४८ वरून ६०

ते इंजिन होतं १३४ घन इंचांचं, म्हणजे साधारण २२०० सीसी. ताकद ४८ हॉर्सपॉवर. चाचणीच्या टेबलावर जास्त वेगाने पळवलं की काही मिनिटांतच बेअरिंग सोडायचं. नवीन इंजिन बनवायला कंपनीकडे पैसे नव्हते. जे आहे तेच नीट करायचं, एवढाच मार्ग उरला होता.

रूसने इंजिन मोडेपर्यंत पळवलं. जिथे मोडलं तो भाग सुधारला आणि पुन्हा मोडेपर्यंत पळवलं. बेअरिंग, पिस्टन, कॅमशाफ्ट, हवा आत येण्याची वाट, कूलिंग असं एकेक करत तो पुढे गेला. शेवटी त्याच आकाराचं, त्याच ढाच्याचं इंजिन ६० हॉर्सपॉवर द्यायला लागलं आणि न थांबता तासन्‌तास चालायला लागलं. त्याला नाव मिळालं गो-डेव्हिल.

सॉफ्टवेअरमध्ये आम्ही डिबगिंग करतो ते याहून फार वेगळं नसतं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग पुन्हा चाचणी. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर नेमका कशाने फरक पडला ते कधीच कळत नाही. गाडीच्या बाबतीत हाच नियम पुढे लागेल.

जीपचा बाप कोण?

जीप रूसने एकट्याने शोधली असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं. ते बरोबर नाही. १९४० च्या उन्हाळ्यात अमेरिकन सैन्याने १३५ कंपन्यांना एका हलक्या चारचाकी टेहळणी गाडीसाठी विचारणा केली. नमुना ४९ दिवसांत हवा होता. पुढे आल्या दोनच कंपन्या, बँटम आणि विलीज. बँटमही छोटी आणि डबघाईला आलेली कंपनी होती. त्यांनी कार्ल प्रोब्स्ट नावाच्या इंजिनिअरला बोलावलं आणि त्याने अवघ्या काही दिवसांत आराखडा काढला. २३ सप्टेंबर १९४० ला मुदत संपायला थोडाच वेळ उरला असताना बँटमची गाडी मेरीलँडमधल्या होलाबर्ड छावणीत पोहोचली.

म्हणजे पहिली जीप प्रोब्स्टची आणि बँटमची. सैन्याला गाडी आवडली, पण एवढीशी कंपनी हजारो गाड्या कशा बनवणार, अशी त्यांना शंका होती. म्हणून विलीज आणि फोर्ड यांनाही बँटमची गाडी आणि आराखडे पाहू दिले गेले. नोव्हेंबर १९४० मध्ये विलीजचा नमुना आला, त्याचं नाव क्वाड. त्याच महिन्यात फोर्डचाही आला.

क्वाडची ताकद दोघांपेक्षा जास्त होती, कारण तिच्यात गो-डेव्हिल होतं. बाकी दोघांची इंजिनं ४५ हॉर्सपॉवरच्या आसपास होती. पण क्वाडचं वजन २४०० पौंडांच्या घरात होतं आणि सैन्याने मर्यादा घातली २१६० पौंडांची, म्हणजे साधारण ९८० किलो. वजन उतरलं नाही तर स्पर्धेतून बाहेर. विलीजसाठी हा जगण्या-मरण्याचा प्रश्न होता.

सोपा उपाय समोर होता: हलकं, कमी ताकदीचं इंजिन बसवायचं. रूसने तो घेतला नाही. गाडीचं बलस्थान इंजिनच होतं, ते ठेवून बाकीचं कमी करायचं असं त्याने ठरवलं. गाडी पूर्ण खोलली आणि एकेक भाग तराजूवर ठेवला. लांब बोल्ट कापून गरजेपुरते केले. जिथे जाड साधं पोलाद होतं तिथे पातळ पण मजबूत मिश्रधातू वापरला. रंगाचे थर मोजले. शेवटी गाडी मर्यादेच्या आत आली ती इतक्या थोड्या फरकाने, की रंगाचा आणखी एक हात दिला असता तर ती बाद झाली असती, असं सांगतात.

१९४१ मध्ये १६,००० गाड्यांचं कंत्राट विलीजला मिळालं. पुढे फोर्डनेही विलीजच्याच आराखड्यावर गाड्या बनवल्या. युद्ध संपेपर्यंत दोघांच्या मिळून सहा लाखांहून जास्त जीप तयार झाल्या. बँटमच्या वाट्याला जेमतेम अडीच-पावणेतीन हजार गाड्या आल्या, मग ती कंपनी ट्रेलर बनवत बसली. हा अन्याय रूसने ठरवून केला नव्हता, पण त्याच्या यशात तो आहे आणि ते नोंदवायला हवं.

टोलेडो ते माझगाव

१९४२ मध्ये कैलाशचंद्र महिंद्रा भारत सरकारच्या पुरवठा मंडळाचे प्रमुख म्हणून अमेरिकेत गेले. तिथे त्यांची बार्नी रूसशी भेट झाली, अशी महिंद्रा कंपनीच्या इतिहासात नोंद आहे. खडबडीत रस्त्यांच्या आपल्या देशाला ही गाडी चालेल, हे त्यांनी हेरलं. २ ऑक्टोबर १९४५ ला त्यांनी, थोरले बंधू जगदीशचंद्र आणि गुलाम मोहम्मद यांनी मिळून महिंद्रा अँड मोहम्मद ही कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं.

ऑक्टोबर १९४७ मध्ये ७५ जीपची पहिली खेप सुट्या भागांच्या रूपात आली. १९४९ मध्ये मुंबईत माझगावच्या कारखान्यात जीपची जोडणी सुरू झाली. १९५४ पासून टप्प्याटप्प्याने भाग इथेच बनू लागले.

तिकडे रूस थांबला नव्हता. त्याने त्याच इंजिनाला नवं डोकं दिलं: हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये, धूर बाहेर टाकणारे खाली ब्लॉकमध्ये. हे हरिकेन इंजिन उंच होतं, म्हणून १९५३ च्या सीजे-३बी जीपचं बॉनेट वर उचलावं लागलं. आपल्याकडे महिंद्राने हेच मॉडेल वर्षानुवर्षं बनवलं. उंच बॉनेटची जुनी जीप कुठे दिसली, तर ती उंची रूसच्या इंजिनामुळे आहे.

१९५३ मध्ये विलीज कंपनी कायझरने विकत घेतली. १९६० मध्ये रूस वारला. तोवर त्याच्या हाताखालून गेलेली गाडी जगभरच्या शेतांत, जंगलांत, खाणींत पोहोचली होती. पुढे महिंद्राने डिझेल इंजिनं बसवली, नावं बदलली, पण ताकद चार चाकांना वाटायची पद्धत बराच काळ तीच राहिली.

ताकद चाकापर्यंत जाते कशी

या पद्धतीला पार्ट-टाइम फोर व्हील ड्राइव्ह म्हणतात. साखळी अशी आहे: इंजिन, गिअरबॉक्स, मग ट्रान्सफर केस. ट्रान्सफर केसमधून एक प्रोपेलर शाफ्ट मागे जातो, दुसरा पुढे. मागचा कायम फिरतो, पुढचा लिव्हर टाकल्यावरच जोडला जातो. पुढच्या शाफ्टपासून डिफरन्शिअल, तिथून डावा-उजवा ॲक्सल शाफ्ट, शेवटी चाकाचा हब.

युद्धातल्या जीपला सुटा होणारा हब नव्हता. चाक आणि ॲक्सल कायम जोडलेले असायचे. हाताने फिरवून जोडायचे-सोडायचे फ्री-व्हीलिंग हब आर्थर वॉर्न यांनी १९४८ पासून बनवले. डांबरी रस्त्यावर पुढचा ॲक्सल उगाच फिरू नये, ही त्यामागची कल्पना. म्हणजे हब हा मूळ साखळीत नंतर जोडलेला दुवा आहे. चिखल-पाणी सर्वांत जास्त लागतं तेही त्यालाच.

जुन्या जीपला दोन लिव्हर असतात. एक पुढची चाकं जोडतो, दुसरा हाय-लो बदलतो. आधी पुढची चाकं जोडल्याशिवाय लो पडत नाही. लो मध्ये ताकद इतकी वाढते की ती एकट्या मागच्या ॲक्सलवर पडू नये, म्हणून ही अडवणूक मुद्दाम ठेवलेली आहे. लो पडत नाही अशी तक्रार असेल तर आधी हा क्रम बघा.

आणखी एक गोष्ट. गावोगावी काळी-पिवळी म्हणून फिरलेल्या बहुतेक जीपगाड्या मुळातच टू व्हील ड्राइव्ह होत्या. जुनी गाडी घेताना वाकून पाहा. पुढच्या ॲक्सलला मधोमध किंवा एका बाजूला डिफरन्शिअलचा फुगीर गोळा नसेल, तर ती फोर बाय फोर नाहीच.

बिघाड अर्ध्या-अर्ध्याने शोधा

साखळीतला कुठला दुवा तुटलाय हे न खोलताही कळू शकतं. लागतो एक जॅक, स्टँड, दगड आणि एक मदतनीस.

१. गाडी सपाट, कडक जमिनीवर उभी करा. इंजिन चालू असताना फोर व्हील हाय टाका, हब हाताने फिरवायचे असतील तर दोन्ही लॉक करा. मग गाडी सरळ रेषेत तीन-चार फूट पुढे घ्या. दाते समोरासमोर आले की मगच ते एकमेकांत बसतात. हा टप्पा गाळला तर पुढचा निकाल चुकीचा येतो.

२. इंजिन बंद करा. मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड लावा, हँडब्रेक ओढा. पुढचं एकच चाक जॅकवर उचला आणि ॲक्सलखाली स्टँड लावा. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीही जाऊ नका.

३. उचललेलं चाक हाताने फिरवा. मदतनीस बाजूला उभं राहून पुढचा प्रोपेलर शाफ्ट आणि चाकामागचा ॲक्सलचा जॉइंट पाहील.

आता चार शक्यता:

चाक थोडंसं हलून अडतं. मग या बाजूची साखळी शाबूत आहे. थोडा हलका खेळ असणं ठीक.

चाक फिरतं आणि प्रोपेलर शाफ्टही फिरतो. हब, ॲक्सल, डिफरन्शिअल ठीक. दोष ट्रान्सफर केसकडे आहे. पण लगेच बॉक्स खोलू नका. लिव्हरपासून केसपर्यंतचा दांडा, त्याची पिन आणि बुश आधी बघा. झिजलेल्या बुशमुळे लिव्हर पूर्ण पडल्यासारखा वाटतो आणि आतला फोर्क अर्ध्यावरच राहतो. बटणाची गाडी असेल तर फ्यूज, वायरचा सॉकेट आणि शिफ्ट मोटर तपासा. सॉकेटमध्ये हिरवट बुरशी हा पावसाळ्यातला नेहमीचा प्रकार.

चाक फिरतं, पण जॉइंट आणि शाफ्ट दोन्ही स्थिर. याच बाजूचा हब लागत नाहीये. खोलून साफ करून, योग्य ग्रीस लावून बसवला तर बऱ्याचदा काम होतं. व्हॅक्यूमवर चालणारा हब असेल तर रबरी नळी कुठे चिरलीय का ते बघा.

चाक फिरतं, जॉइंटही फिरतो, पण प्रोपेलर शाफ्ट स्थिर. हे फसवं आहे. डिफरन्शिअलच्या स्वभावामुळे दोष समोरच्या बाजूला असला तरी असंच दिसतं, कारण तिकडचा मोकळा शाफ्ट उलटा फिरून जातो. म्हणून हे चाक खाली ठेवा, दुसरं उचला आणि तीच चाचणी करा. तिकडचा हब लागत नसेल तर तिथे कळेल. दोन्ही हब ठीक निघाले, तरच तुटलेला ॲक्सल शाफ्ट किंवा डिफरन्शिअल असा संशय घ्या.

दोन्ही चाकांची चाचणी व्हायला अर्धा तास पुरतो. त्यानंतर गॅरेजमध्ये गेलात तर फोर बाय फोर चालत नाही एवढंच सांगावं लागत नाही, नेमका भाग दाखवता येतो.

बाकीची लक्षणं

फोर बाय फोर मधून बाहेर येत नाही: कडक रस्त्यावर वळण घेतलं असणार. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचं अंतर कापतात आणि या पद्धतीत मधे डिफरन्शिअल नसतो, त्यामुळे शाफ्टमध्ये पीळ बसतो. लिव्हरवर लाथ मारू नका. गाडी सरळ रेषेत थोडी मागे घ्या, पीळ सुटेल. वारंवार होत असेल तर चारही टायर एकाच मापाचे आणि सारख्या झिजीचे आहेत का बघा.

गिअर टाकल्यावर खट्ट आवाज: प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस. हाताने शाफ्ट हलवून खेळ बघा.

वळताना पुढून कटकट: चाकामागचा जॉइंट.

चालता चालता फोर व्हील सुटतं: आतला गोळी-स्प्रिंग कमजोर किंवा फोर्क झिजलेला. इथे मात्र ट्रान्सफर केस खोलावीच लागते.

ऑइल दुधाळ चहासारखं: नाल्यातून गाडी काढल्यावर डिफरन्शिअलमध्ये पाणी शिरलं. गरम हाऊसिंग थंड पाण्यात गेलं की आतली हवा आकसते. वरचा ब्रीदर चिखलाने बुजलेला असेल, तर ते ऑइल सीलमधून पाणी ओढतं. ऑइल बदला, पण ब्रीदरही साफ करा, नाहीतर पुढच्या नाल्यात तेच.

ट्रान्सफर केसमध्ये ऑइल जास्त आणि गिअरबॉक्समध्ये कमी: मधलं सील गेलंय, एकाचं ऑइल दुसऱ्यात जातंय. हे वेळीच दिसलं तर सीलवर भागतं, नाही दिसलं तर गिअरबॉक्स जळतो.

पावसाआधी

मृगाच्या आधी एकदा ही चाचणी करून घ्या. आणि महिन्यातून एकदा तरी ओल्या मातीत फोर व्हील लावून किलोमीटरभर चालवा. वर्षभर न हललेला फोर्क आणि कोरडा पडलेला हब ऐन रोवणीत, धानाची रोपं गाडीत असताना दगा देतात.

रूसच्या समोर ४८ हॉर्सपॉवरचं बदनाम इंजिन होतं आणि नवं घ्यायला पैसे नव्हते. जुनी गाडी असलेल्या बहुतेक घरांची परिस्थिती तीच असते. त्याने आधी मोजलं, मग खोललं आणि मगच बदललं. ट्रान्सफर केस बदलायला होकार देण्याआधी निदान पहिली पायरी तरी स्वतः करून बघा.